किल्ली, चिरंजीव आणि थर्ड पार्टी

आमच्या चिरंजिवांना अठरा पूर्ण व्हायला दोन महिने उरले आणि घरात गाडीच्या किल्लीचा विषय निघाला. निघाला म्हणजे काय, तो गेली दोन वर्षं निघतच होता. आता त्याला कायद्याचा पाठिंबा मिळणार होता एवढंच. गाडी आमची साधी आहे. हजार सीसीच्या आतली, बँकेच्या स्टाफ लोनवर घेतलेली, आणि म्हणूनच जिवापाड जपलेली. मी बँकेत कारकून. (हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, असोसिएट म्हणतात. पगाराच्या स्लिपकडे पाहून हा फरक ओळखता येत नाही.) बी.कॉम. झालेल्या माणसाला एक खोड असते. घरात कसलाही आनंद आला की तो आधी नावे टाकतो आणि मग सवडीनं जमा करतो. त्यामुळे पोरगा मोठा झाला हे मनात यायच्या आधी माझ्या मनात आलं, की आता गाडीचा विमा किती वाढणार?

हा किडा डोक्यात सोडला तो न्यू जर्सीच्या मेहुण्यानं. रविवारी त्याचा फोन येतो. एरवी तो बर्फाबद्दल बोलतो, त्या दिवशी विम्याबद्दल बोलत होता.

"भावोजी, पोराला लायसन्स मिळालं आणि माझा इन्शुरन्स जवळजवळ दुप्पट झाला हो!"

तिकडे म्हणे सतराव्या वर्षी कच्चं लायसन्स मिळतं. रात्री अकरानंतर गाडी काढायची नाही. नंबरप्लेटला एक छोटी लाल पट्टी लावायची, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळावं की आत कोण बसलं आहे. आणि विमा कंपनी आधीच सगळं विचारून घेते. गाडी कोण चालवणार, वय काय, वर्षाला किती मैल, आणि मार्क किती? इथं मी फोन दुसऱ्या कानाला लावला. खरंच विचारतात. शाळेत बी ग्रेड टिकवून धरली तर हप्त्यात सूट मिळते. त्यामुळे मेहुणा रोज रात्री जेवण झाल्यावर पोराचं बीजगणित घेत बसतो. आमच्या लहानपणी वडील सांगायचे, नीट शिकला नाहीस तर ड्रायव्हर होशील. तिकडे नीट शिकलं नाही तर ड्रायव्हर होणंही परवडत नाही.

मी घाबरून आमच्या विमा एजंटाला फोन केला. हा सज्जन वर्षातून दोनदा उगवतो, एकदा पॉलिसी संपायच्या आधी आणि एकदा दिवाळीला कॅलेंडर घेऊन.

"मुलगा आता गाडी चालवणार. किती वाढेल?"

"काही नाही वाढणार, साहेब."

"अहो, अठरा वर्षांचा आहे. अजून शिकतोय."

"असू दे की. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. चालवणाऱ्याचा कुठे असतो?"

त्या रात्री मी मेहुण्यावर दया करत झोपलो. सकाळी उठलो तो संशय घेऊन. एका रुपयाचा फरक आला म्हणून रात्री नऊ-नऊपर्यंत व्हाउचरं उपसलेला माणूस मी. जोखीम वाढते आणि रक्कम वाढत नाही, हे गणित माझ्या घशाखाली उतरेना. कुठल्या तरी खात्यात हा फरक पडून असणारच, फक्त ते खातं मला दिसत नव्हतं.

माझं भांडण इथूनच सुरू होतं. थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनचे दर असे आहेत: हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये, पुढे दीड हजारपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. जीएसटी वेगळा. सगळा हिशेब इंजिनाचा! आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर आहेत. ते फक्त गुरुवारी गाडी काढतात, दत्ताच्या देवळापर्यंत जातात आणि वाटेत सायकलवाल्यांनाही पुढे जाऊ देतात. त्यांना २,०९४. आणि क्लचवर पाय ठेवताना ज्याची जीभ बाहेर येते, त्या आमच्या चिरंजिवांनाही २,०९४. इंजिन काय आपलं आपण उठून रस्त्यावर जातं?

अगदीच कोणी विचारत नाही असंही नाही. २०२२ च्या जुलैत विमा नियामकानं परवानगी दिली, की जेवढी गाडी चालेल आणि जशी चालेल, तसा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता कमीजास्त करणारी जोडकलमं कंपन्यांना काढता येतील. मी एजंटाला विचारलं. तो म्हणाला, "आहे साहेब, पण आपल्या भागात कोणी मागत नाही." आपण मागणार तरी कशाला? न मागता स्वस्तच पडतंय.

तर हप्ता वाढणार नाही हे कळल्यावर माणूस गप्प बसेल की नाही? पण मध्यमवर्गीय माणूस, न वाढलेला हप्ता आणखी कमी कसा होईल या मागे लागतो. बँकेत जेवणाच्या सुट्टीत विषय काढला तर डब्यांपेक्षा सल्ले जास्त निघाले. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "व्हॉलंटरी डिडक्टिबल घ्या." म्हणजे नुकसान झालं तर पहिले पंधरा हजार आपण सोसायचे आणि त्याबदल्यात स्वतःच्या गाडीच्या विम्यात पस्तीस टक्के सूट घ्यायची. जुन्या टॅरिफप्रमाणे ही सूट जास्तीत जास्त अडीच हजार. नवशिक्या ड्रायव्हरच्या बापानं पहिले पंधरा हजार स्वतःकडे घेणं म्हणजे घरात पाहुणा जेवायला येणार हे ठाऊक असताना पातेलं लहान घेण्यासारखं आहे. पाहुणा उपाशी राहत नाही, आपण राहतो.

कॅश काउंटरवरच्या आमच्या मित्रानं तर कमालच केली. त्यानं शंभर रुपये वाचवायची युक्ती सांगितली. मोटारीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत भरून मिळतं. ही मर्यादा आपण होऊन सहा हजारांवर आणली तर शंभर रुपये सूट! २००२ च्या टॅरिफमध्ये हे कलम आहे, मी स्वतः पाहिलं. साडेसात लाखांचे सहा हजार करायचे आणि वाचवायचे शंभर. सहा हजारांत आजकाल समोरच्याच्या गाडीचा एक दिवा येत असेल, तोही विझलेला. आणि हे सांगणारा माणूस दिवसभर लोकांना 'नोटा मोजून घ्या' असं बजावत बसतो.

पण सल्ल्यांचा कळस चढवला तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी. जिन्यात त्यांनी मला गाठलं. "लर्निंग, लायसन्स, विमा, एवढं काय घेऊन बसलात? आमचा तर पंधराव्या वर्षापासून चालवतोय. परवा आम्हाला घेऊन थेट महाबळेश्वर! घाटात एकदा गिअर चुकला नाही. आणि विमा आहेच की, फुल्ल!"

हे 'विमा आहेच की' ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो बँकेतला न जुळणारा फरक सापडला. गाडी कोण चालवतो हा प्रश्न आपल्याकडे विचारत नाहीत असं नाही. विचारतात, पण अपघातानंतर विचारतात. मेहुण्याला तो प्रश्न हप्ता भरताना विचारला, म्हणून त्याचे पैसे गेले. काकांना तो ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी काय काय जाईल, याचा हिशेब काकांनी केलेला नाही. पॉलिसीत 'ड्रायव्हर्स क्लॉज' म्हणून एक बारीक अक्षरातला परिच्छेद असतो: चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स हवं. नसेल तर स्वतःच्या गाडीचा एक पैसा मिळायचा नाही. आणि ज्याला लागलं त्याचं काय? २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं स्वर्णसिंग खटल्यात हा विषय सविस्तर सांगून ठेवला आहे. लायसन्स नसलेला माणूस चालवत होता म्हणून कंपनीनं जखमी माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही. पण मालकाचा हलगर्जीपणा शाबित झाला तर आधी त्याला पैसे द्यायचे आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करायचे. वसूल! बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९९-अ कलम आलं. अज्ञान मुलानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "कागदावर असतं हो सगळं." पॉलिसीही कागदावरच असते, तिच्यावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास.

आपण सगळेच थोडेबहुत काका आहोत. कोणत्याही क्लासच्या दारात संध्याकाळी सहा वाजता उभे राहा. अकरावीची पोरं ज्या स्कूटरवरून उतरतात त्या शंभर-सव्वाशे सीसीच्या. सोळाव्या वर्षी कायदा परवानगी देतो ती बिनगिअरच्या पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीला. तशी गाडी म्हणजे आमच्या वडिलांची लूना. तिच्यावरून चढ चढताना मागे बसलेल्याला उतरावं लागायचं. आज ती दाखवायलाही मिळत नाही. पण पोराला सोडायला-आणायला वेळ नाही, रिक्षा परवडत नाही, आणि क्लासची फी तर भरून झालेली आहे. मग देतो आपण किल्ली. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. तो मुलगा श्रीमंताघरचा होता म्हणून आपण सगळे महिनाभर संतापलो. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला म्हणून तर फारच. आणि संतापून झाल्यावर खाली पार्किंगमध्ये आपापल्या पोराला म्हणालो, "जपून जा रे."

मी हे कोणत्या तोंडानं बोलतो, असं कोणी विचारायच्या आधी सांगून टाकतो. आमच्या घरीही हे घडलेलं आहे.

चिरंजीव तेव्हा सोळाचे. भाऊबीज. घरात पाहुणे, माझ्या पोटात दोन लाडू जास्त. "बाबा, फक्त पार्किंगमधून गेटपर्यंत." मी म्हटलं, सोसायटीचंच तर आवार आहे. शेजारी बसलो. गाडी निघाली. छान निघाली. मी मागे वळून बाल्कनीतल्या आत्याबाईंकडे पाहून हातसुद्धा हलवला. गेटापाशी मी "ब्रेक" म्हणालो आणि पोरानं अॅक्सिलरेटर दाबला. गाडी वॉचमनच्या केबिनीला लागून थांबली. मधे वॉचमनचं लाकडी स्टूल होतं. त्याचे चारही पाय वेगवेगळ्या दिशांना गेले.

स्टूलावर वॉचमन नव्हता. तो नळावर बाटली भरायला गेला होता. अर्ध्या मिनिटानं आला, बाटलीचं झाकण लावत. त्यानं स्टूलाकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि मला म्हणाला, "लागलं तर नाही ना, साहेब?"

मी सोसायटीला नवीन स्टूलाचे साडेचारशे रुपये दिले. चिटणीसांनी पावती दिली. ती मी अजून पॉलिसीच्या फाइलला लावून ठेवली आहे.

त्या रात्री मी पॉलिसी वाचली. गेली कित्येक वर्षं वाहन कर्जाच्या फायलीला विम्याची प्रत लावून, 'बँकेचं नाव आलंय का बघा' म्हणून लोकांना परत पाठवणारा मी. स्वतःची पॉलिसी पहिल्यांदा वाचली रात्री दीड वाजता. तिच्यात सगळीकडे 'थर्ड पार्टी' लिहिलेलं आहे. पहिली पार्टी मी, दुसरी कंपनी, आणि तिसरी म्हणजे उरलेलं जग. इतके दिवस मला वाटायचं, थर्ड पार्टी म्हणजे कोणीतरी अनोळखी. आमचा थर्ड पार्टी आमच्या गेटवर बसतो, दर महिन्याला गावी पैसे पाठवायला माझ्याच काउंटरवर येतो, आणि स्लिपवर तारीख लिहायला विसरतो.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली. गाडीच्या मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, तो फक्त मालकाचा. मी सौ.ला ते वाचून दाखवलं.

"म्हणजे तुम्ही चालवत असाल तर पंधरा लाख," ती म्हणाली, "आणि तो चालवत असेल तर..."

पुढे ती बोलली नाही. उठून त्याच्या खोलीचं दार लोटून आली. दुसऱ्या आठवड्यात मी चिरंजिवांच्या नावानं वेगळा अपघात विमा घेतला आणि किल्ली माझ्या ऑफिसच्या बॅगेत गेली. ती दोन वर्षं तिथंच होती, डब्याच्या खाली.

मग आता अठरा पूर्ण झाल्यावर रीतसर सगळं केलं. लर्निंग लायसन्स काढलं. ते असलं की विमा लागू राहतो, पण नियम तीनच्या अटी पाळल्या तर. पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी हवा, आणि गाडीला पुढे-मागे लाल अक्षरातला 'एल' हवा. चिरंजिवांना तो 'एल' अपमान वाटतो. पुढचा त्यांनी दोनदा काढून डिकीत टाकला. मी त्यांना सांगितलं, अरे, आमच्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून गावभर फिरलो, तुला महिनाभर 'एल' जड होतो?

तिसऱ्या दिवशी रिव्हर्स घेताना गाडी खांबाला लागली. बंपर फुटला. गॅरेजवाल्यानं ६,४०० रुपये सांगितले. त्यात बंपर ३,८००, बाकी रंग आणि मजुरी. "क्लेम टाका साहेब," तो म्हणाला, "कशासाठी भरता हप्ता?" इथं मात्र माझं कॉमर्स कामाला आलं. स्वतःच्या नुकसानीचा माझा हप्ता सूट धरण्याआधी सहा हजार. पाच वर्षं क्लेम नाही म्हणून नो क्लेम बोनस पन्नास टक्के, म्हणजे भरतो तीन हजार. एक क्लेम टाकला की बोनस शून्यावर, आणि मग पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशा पायऱ्या चढत पन्नासला जायचं. गाडीची किंमत दरवर्षी उतरते ते सोडून दिलं, तर पाच वर्षांत जादा भरायचे तीन हजार, अठराशे, पंधराशे, नऊशे आणि तीनशे. एकूण साडेसात हजार. आणि मिळायचे किती? प्लास्टिकच्या बंपरवर निम्मा घसारा, वर हजार रुपये सक्तीची कपात. रंगावरची कात्री न धरताही हातात साडेतीन हजार. साडेतीन मिळवायला साडेसात! मी खिशातून पैसे दिले आणि हा सगळा तक्ता चिरंजिवांना वहीत लिहायला लावला. त्यांनी बेरीज करून खाली दोन रेघा ओढल्या. मेहुणा बीजगणित घेतो, मी घसारा घेतो.

ते ६,४०० त्यांच्या मोबाइलच्या बजेटमधून चार महिन्यांत वळते होणार आहेत. सौ. म्हणते हे फार झालं. मला नाही तसं वाटत. विमा कंपनी चालवणाऱ्याचा हप्ता मागत नसेल, तर तो घरात कोणीतरी मागायला हवा. मेहुण्याच्या कंपनीनं तो मागितला म्हणून तिकडे पोरगं निदान रात्री पुस्तक उघडतं. इकडेही पुढच्या वेळी फॉर्मवर सीसीच्या रकान्याखाली 'कोण चालवणार, वय काय' असा रकाना छापावा, अशी माझी मागणी आहे. मी तो खरा भरीन आणि जे काही जास्त पडेल तेही भरीन. काकांचं मला सांगता येत नाही. ते तिथं आपलं स्वतःचं नाव घालतील आणि वय त्रेपन्न.

संध्याकाळी साडेसातला आम्ही दोघं सराव करून परत येतो. चिरंजीव वळणावरच इंडिकेटर देतात, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणतात, गेटाशी अगदी मुंगीच्या पावलानं येतात. वॉचमन लांबूनच तो लाल 'एल' ओळखतो. मग तो सावकाश उठतो, स्टूल उचलून काखेत धरतो, आणि केबिनीच्या मागे जाऊन उभा राहतो. गाडी जागेवर लागून इंजिन बंद झालं, की स्टूल परत जागेवर ठेवून बसतो, आणि मला सलाम करतो.